प्रज्ञाचक्षु श्री गुलाबराव महाराज

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे असे चालक भगिनींनी सांगितले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती लिहून दिली असती तर ती शोभली असती. पण पाककृती देणाऱ्या पाचजणी निघाल्या आणि चरित्र लिहिणारी एकही पुढे येईना. तेव्हा माझ्या माहेरच्या मुलखातील एका सत्पुरुषाचे चरित्र यथामती सांगावे असे ठरविले. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

त्यांचीच आठवण व्हायला एक निमित्त घडले. गेल्या हिवाळ्यात आपण सगळ्याजणी विजासन टेकडीवरील लेणी पाहावयास गेलो होतो. गावातच असूनही आपण तेथे किती कमी जातो! माझ्याबरोबर सासूबाईही होत्या. त्यांना काचबिंदूने अलीकडे काहीच दिसत नाही. आंधळ्या बाईला लेणी काय दाखवायची, असे कोणीतरी हळूच म्हणाले, ते मी ऐकले आणि त्यांनीही ऐकले. लेण्याच्या तोंडाशी पोचलो. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. तुम्हाला ठाऊकच आहे की तो बोगद्यासारखा मार्ग डोंगरात सरळ आत जातो आणि शेवटी बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती आहे. उन्हातून आत पाऊल टाकताच आपण सर्वजणी दचकून थांबलो, कारण डोळ्यांना काहीच दिसेना. सासूबाई मात्र भिंतीला हात लावून सरळ चालत राहिल्या, आणि मूर्ती आली हे त्यांनीच आम्हाला आधी सांगितले. पावलांचा आवाज बदलला, समोर काहीतरी मोठे आहे हे कळले, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर कितीतरी वेळाने आम्हा डोळसांना अंधारातून मूर्तीचे गुडघे दिसू लागले, मग हात, मग चेहरा. त्या दिवशी घरी येताना मला गुलाबराव महाराजांची आठवण झाली, ती आजवर मनातून गेली नाही.

महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. ते त्यांचे आजोळ. मूळ गाव माधान, चांदूर बाजार तालुक्यातले. आडनाव मोहोड, घराणे कुणबी, धंदा शेतीचा. वडील गोंदुजी व आई अलोकाबाई. मूल नऊ महिन्यांचे असताना त्याचे डोळे आले असतील किंवा काही दुखणे झाले असेल, घरच्यांनी उपचार केला. तो उपचारच चुकीचा ठरला आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली.

ह्या एका वाक्यावर चरित्रकार पटकन पुढे जातात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. ते औषध कोणीतरी हाताने घातले असेल. ते हात मायेचेच असतील. नंतर आयुष्यभर त्या हातांना काय वाटले असेल? हे मी उगाच लिहीत नाही. सासूबाईंच्या डोळ्यांत रोज दोन वेळा औषधाचे थेंब घालावयाचे, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. घरात नणंदेचे लग्न निघाले. त्या धामधुमीत थेंब संपले, ते आणायचे आज-उद्या करता करता राहिले, आणि सासूबाईंनाही काही दुखत-खुपत नसल्याने त्या बोलल्या नाहीत. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे मला त्यानंतर कळले. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच आहे. आपल्या मंडळातील ज्या भगिनी आजही मुलांच्या डोळ्यांत मध, कांद्याचा रस, नाहीतर कोणीतरी दिलेली पूड घालतात, आणि ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांचे थेंब फळीवर धूळ खात पडले आहेत, त्यांच्यासाठी एवढे लिहिले. असो.

मूल चार वर्षांचे झाले तेव्हा आई वारली. आजीने त्याला लोणी टाकळीस नेले आणि काही वर्षे सांभाळले. आंधळे, पोरके पोर. अशा मुलाचे खेड्यात काय होते हे आपण पाहिलेले आहे. एका कोपऱ्यात बसवायचे, वेळेवर भाकरी द्यायची आणि सणासुदीला समोर येऊ द्यायचे नाही. पण हे मूल कोपऱ्यात बसणारे नव्हते. माणसे त्याला आवाजावरून कळत, वस्तू हाताने कळत, आणि एकदा कानावर पडलेले सहसा विसरत नसे. भजन चालले असेल तेथे ते जाऊन बसे. रात्री सगळे निजले म्हणजे उठून ध्यानाला बसे. दिवस आणि रात्र हा भेद डोळे असणाऱ्यांना. त्याला निवांतपणा हीच रात्र आणि गलबला हाच दिवस.

1896 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. मुलीचे नाव मनकर्णिका. मी वाचलेल्या चरित्रांत तिच्यावाटे दोनचार ओळींपलीकडे आलेले नाही. आंधळ्या मुलाला दिलेली ती लहानशी मुलगी, घरात येऊन पाहते तो नवऱ्याचे लक्ष संसारात नाही, पोथ्यांत आहे. तिने काय सोसले, तिला काय समजले, काय समजले नाही, ते कोणी लिहून ठेवले नाही. संतांच्या चरित्रांत संतांच्या बायका नेहमीच दाराआड उभ्या असतात. महाराजांबद्दल मला कितीही आदर असला तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता त्यांच्या विद्येविषयी. हा चरित्रातील खरा नवलाचा भाग आहे.

शाळा नाही, अक्षर ओळख नाही, आणि हा मुलगा वेदान्त, सांख्य, न्याय, योग, आयुर्वेद, व्याकरण, संगीत ह्या सर्वांत प्रवीण झाला. पाश्चात्त्य विद्वानांची मतेही त्यांनी समजून घेतली. ग्रंथ जमविण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. आंधळ्याने पुस्तके जमवावीत हे ऐकून गावातले लोक हसले असतील. भाविक मंडळी सांगतात की महाराजांना समाधीत ग्रंथ आपोआप दिसत. तसे असेलही. पण मला त्याहून मोठा चमत्कार वाटतो तो साधाच आहे. भेटेल त्याच्याकडून ते वाचून घेत. वाचणारा वाची आणि हे ऐकत. आता विचार करा, वाचणाऱ्याला अक्षर दिसत होते, पण कठीण संस्कृत ग्रंथाचा अर्थ कळत असेलच असे नाही. ऐकणाऱ्याला अक्षर दिसत नव्हते, पण अर्थ कळत होता. मग त्या दोघांत वाचले कोणी?

हा प्रश्न मी स्वतः भोगलेला आहे. दुपारची झाकपाक झाली की मी सासूबाईंना पोथी वाचून दाखविते. त्या वाती वळत बसतात. त्या शाळेत गेल्या नाहीत, सही सुद्धा त्यांना येत नव्हती, अंगठाच उठवीत. मी वाचते, मध्येच एखादा जुना शब्द येतो, मी ठेचकाळते आणि पुढे जाते. त्या मला थांबवितात आणि सांगतात की हा शब्द त्यांच्या आईच्या जात्यावरच्या गाण्यात होता, त्याचा अर्थ अमुक. डोळे माझे आणि अर्थ त्यांचा, असा आमचा दोघींचा मिळून एक वाचक होतो. सुरवातीला मी ही सेवा आपल्या चुकीची फेड म्हणून करीत होते. आता तसे म्हणवत नाही, कारण माझाच फायदा अधिक झाला आहे.

जाणण्याचे मार्ग किती, याचा आपल्या शास्त्रांत फार विचार केलेला आहे. त्यांना प्रमाणे म्हणतात. डोळ्यांनी, कानांनी किंवा हाताने प्रत्यक्ष कळते ते एक. धूर पाहून विस्तव ओळखतो ते अनुमान. आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या शब्दावरून कळते ते तिसरे, म्हणजे शब्दप्रमाण. आणखीही प्रमाणे आहेत, पण आपल्याला एवढी पुरेत. शब्दावरून कळलेले कमी दर्जाचे, असे आपल्याला उगाच वाटते. माझा जन्म कोणत्या दिवशी झाला हे मी पाहिलेले नाही. आईने सांगितले, मी मानले, आणि आधार कार्डावरही तेच आहे. आपण जे जाणतो त्यातले कितीतरी असे दुसऱ्याच्या शब्दावर उभे आहे. महाराजांच्या बाबतीत तर रंग, रूप, प्रकाश, चंद्र, सूर्य हे सगळेच शब्दावर होते. नऊ महिन्यांच्या मुलाला काय आठवणार?

आणि तरी त्यांच्या कवनांत कृष्णाचे रूप आहे, वृंदावन आहे, रास आहे. सावळा म्हणजे काय, पिवळा पीतांबर म्हणजे काय, हे त्यांना कसे कळले, असा प्रश्न मी एकदा सासूबाईंसमोर काढला. त्यांनी मलाच उलट विचारले की मी तरी कृष्ण पाहिला आहे काय? मी गप्प झाले. कृष्णाला पाहण्याच्या बाबतीत ते आणि आपण सारखेच. त्यांनीही संतांच्या शब्दांतून तो पाहिला आणि आपणही तेवढ्यातूनच पाहतो, फक्त आपल्यामध्ये कॅलेंडरवरचे चित्र आडवे येते.

याच काळात सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत एक मुलगी वाढत होती, हेलन केलर. तिचा जन्म 1880 चा, म्हणजे महाराजांपेक्षा एका वर्षाने मोठी. एकोणिसाव्या महिन्यात आजारपणात तिची दृष्टीही गेली आणि ऐकणेही गेले. 1887 साली तिच्या शिक्षिकेने तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर बोटाने पाणी ह्या शब्दाची अक्षरे लिहिली, तेव्हा प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला एकाएकी उमगले. त्यापूर्वीही पाणी तिच्या हातावर पडतच होते. पण नाव मिळाले तेव्हा ते खरे पाणी झाले. ती पुढे पदवीधर झाली, पुस्तके लिहिली आणि 1968 पर्यंत जगली. ह्या दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसेल, पण दोघांचे घर शब्दानेच उजळले.

उलट बाजूही सांगते. माझी भाची परिचारिका आहे. तिच्याकडून समजले की आपल्याच देशात जन्मापासून आंधळ्या असलेल्या काही मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देण्यात आली. त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी सुटल्यावर मुलांना समोरचे आकार दिसत होते, पण हाताने चाचपलेली वस्तू यातली कोणती हे नुसते पाहून त्यांना सांगता येईना. काही दिवसांत हळूहळू ते जमू लागले. म्हणजे डोळे उघडले तरी पाहणे शिकावेच लागते. विजासनच्या काळोखात आपण तेच केले नाही काय?

1901 साली महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना घडली. तेव्हा त्यांचे वय एकोणीस-वीस. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी आपल्याला मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला असा अनुभव त्यांना आला. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली 1296 साली. मध्ये सहाशे पाच वर्षे गेलेली. पण त्या दिवसापासून ते स्वतःला ज्ञानेश्वर महाराजांची कन्या म्हणवू लागले. पुत्र नव्हे, शिष्यही नव्हे, तर कन्या.

पुरुषाने स्वतःला कन्या म्हणवावे हे ऐकून पुष्कळांना विचित्र वाटते. मला विचाराल तर यात विचित्र काही नाही. अवघा महाराष्ट्र ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. मिशीवाले, पागोटेवाले वारकरी एका पुरुषाला आई म्हणून हाका मारतात, तेव्हा कोणी हसत नाही. माउली असेल तर तिला लेक असायला काय हरकत आहे? शब्द उच्चारायचा सगळ्यांनी, आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत खरा मानायचा एकाने, एवढाच फरक.

हा अर्थ त्यांनी आणखी पुढे नेला. आपण गोकुळातील एक गोपी आहोत आणि श्रीकृष्ण आपला पती आहे, असा त्यांचा भाव होता. 1905 मध्ये त्यांनी गोपींनी केलेले कात्यायनी व्रत केले. ते कपाळी कुंकू लावीत, गळ्यात मंगळसूत्र घालीत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरचा जवान माणूस कुंकू-मंगळसूत्र घालून हिंडतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. टवाळी झाली असणारच. त्यांना लोकांचे चेहरे दिसत नव्हते हे बरे, असे मी एकदा म्हणून गेले, पण हसणे तर कानांनीही कळते.

मंगळसूत्राचा अर्थ काय, यावर आपण बायकांनी तरी नीट विचार करावा. सोनाराला विचारले तर तो तोळे-मासे सांगेल. काळे मणी पाच रुपयांना मिळतात. गाडीत चोराला ते दोन मिनिटांत तोडता येते. पण आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे की त्याचा अर्थ ह्यापैकी कशातच नाही. कोणाला तो आधार वाटतो, कोणाला ओझे. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, यावरून आपल्या मंडळात किती वेळा वाद झाले आणि एका भगिनीने येणेच कसे सोडले, ते सर्वांना आठवत असेल. ज्या वस्तूवरून आपण आपल्याच मैत्रिणीला दाराबाहेर ठेवतो, तीच वस्तू महाराजांनी पुरुष असून गळ्यात घातली, कारण त्यांच्या पतीला मरण नव्हते. ह्या गोष्टीचा जितका विचार करावा तितकी मी अस्वस्थ होते. त्या भगिनीला या वर्धापनदिनास आपण स्वतः जाऊन आणावे अशी माझी सूचना आहे. ती स्मरणिकेत छापली जाईल की नाही ते संपादक भगिनी जाणोत.

महाराजांच्या तत्त्वज्ञानाला मधुराद्वैत म्हणतात. हे नाव ऐकून घाबरू नये. अद्वैत म्हणजे देव आणि भक्त मुळात एकच. मधुरा भक्ती म्हणजे पत्नीने पतीवर करावे तसे देवावर प्रेम. आता शंका येते की दोघे एकच असतील तर प्रेम कोणी कोणावर करायचे? आणि ज्ञान झाले म्हणजे सगळे रूप, नाव, मूर्ती खोटी ठरली, मग भक्ती संपलीच की. पुष्कळ विद्वानांनी तसे मानलेही. महाराजांचे म्हणणे असे की ज्ञान झाल्यावरही भक्ती उरते, नव्हे, खरी भक्ती तेव्हाच सुरू होते.

वेदान्तात दोन दाखले फार जुने आहेत. ते घेतले म्हणजे हे मला थोडेफार कळते. अंधारात दोरी पडली आहे आणि आपल्याला ती साप वाटली. दिवा आणला, दोरी दिसली, साप गेला. पुन्हा तो साप शोधू म्हटले तरी सापडत नाही. हा एक प्रकार. दुसरा दाखला सोन्याच्या बांगडीचा. ही बांगडी म्हणजे सोनेच आहे, दुसरे काही नाही, हे कळले. पण म्हणून बांगडी हातातून नाहीशी होते काय? ती तशीच राहते, उलट ती सोन्याची आहे हे कळल्यावर आपण तिला अधिक जपतो. देवाचे रूप हे सापासारखे नव्हे, बांगडीसारखे आहे, असा महाराजांच्या म्हणण्याचा आशय मी घेतला आहे. पंडितांना तो अपुरा वाटेल. पण माझ्या हातातील बांगड्यांकडे पाहून मला जेवढे कळले तेवढे मी लिहिले.

ज्याने कधी रूप पाहिले नाही त्याने रूप खरे आहे म्हणून सांगावे, आणि आपण डोळसांनी सगळी माया आहे असे म्हणत बसावे, ही मौज आहे.

ते नुसते भजनात रमणारे नव्हते. 1902 च्या सुमारास त्यांनी डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांवर टीका लिहिली. त्यातले डार्विनविषयीचे म्हणणे मला मान्य करता येत नाही. प्राणी हळूहळू बदलत गेले हे आज शास्त्राने भक्कम पुराव्याने दाखविले आहे आणि माझी मुले शाळेत तेच शिकली. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वऱ्हाडातील खेड्यात एका अंध कुणब्याच्या मुलाने विलायतेतील विद्वानांची मते कोणाकडून तरी समजावून घ्यावीत, त्यावर विचार करावा आणि नुसती मान न डोलावता उत्तर द्यावे, हे धैर्य सामान्य नव्हे. त्या काळी अशा घरच्या मुलाने शास्त्रांना हात लावावा हेही पुष्कळांना खपत नव्हते. तरीही ब्राह्मण पंडित त्यांच्यापाशी येऊन बसत. पुढे त्यांची परंपरा चालविणारे पट्टशिष्य बाबाजी महाराज पंडित हे होत.

त्यांची ग्रंथरचना सव्वाशेहून अधिक भरते. ओव्या, अभंग, पदे, आख्याने, पत्रे, प्रश्नोत्तरे असे नाना प्रकार. 'साधुबोध' हा प्रश्नोत्तरांचा ग्रंथ, 'मानसायुर्वेद' हा वैद्यकावरचा, 'सूक्तिरत्नावली' ही मोठी ग्रंथमाला. मराठी, संस्कृत, हिंदी, शिवाय आपली वऱ्हाडी बोलीही त्यांनी लिहिण्यास कमी मानली नाही. बायकांनी म्हणावी अशी लोकगीतेही त्यांनी रचली. स्वतः लिहिता येत नसल्याने सगळे तोंडाने सांगावयाचे आणि शिष्यांनी उतरून घ्यावयाचे.

आणखी एक गंमत मला फार आवडते. त्यांनी स्वतःची एक नवीन भाषा तयार केली होती, तिला नावंग म्हणत, आणि तिच्यासाठी लिपीही बनविली होती. ज्याने एकही अक्षर डोळ्यांनी पाहिले नाही त्याने अक्षरे बनवावीत! लहानपणी आपण मैत्रिणी मिळून च ची भाषा बोलत असू, मोठ्यांना कळू नये म्हणून. महाराजांची भाषा त्याहून पुष्कळच खोल असणार, पण शब्द हे कोणीतरी ठरविलेले असतात आणि आपणही ठरवू शकतो, हा आनंद मात्र तोच असावा असे मला वाटते.

इतके सगळे करण्यास आयुष्य किती मिळाले? 20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांना चौतिसावे वर्ष संपून जेमतेम अडीच महिने झाले होते. आपल्या मंडळातल्या बहुतेकजणी त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्याच आहोत.

लहानपणी आजोबांबरोबर मी एकदा माधानला गेले होते. तेव्हा काही समजत नव्हते, प्रसादाच्या शिऱ्याचीच आठवण आहे. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा मुद्दाम पुन्हा जाऊन आले आणि येताना 'साधुबोध' घेऊन आले. पुस्तक जड आहे, दोन्ही अर्थांनी. रोज दुपारी तीन वाजता आम्ही बसतो. एका बैठकीत एखादे पान होते, कधी अर्धेच. गेल्या आठवड्यात एका उत्तरापाशी आम्ही दोघीही अडलो. मी तीनदा वाचले, त्यांनी तीनदा ऐकले. मी पुस्तक मिटू लागले, तेव्हा सासूबाईंनी वाती बाजूस ठेवल्या आणि पुस्तक हातात मागितले. उघड्या पानावरून त्यांनी हळूहळू बोटे फिरविली, छापील अक्षर हाताला लागत नाही हे ठाऊक असूनही. मग पुस्तक माझ्याकडे परत दिले आणि मागच्या पानापासून पुन्हा वाच म्हणून सांगितले. तेथूनच आम्ही सध्या पुन्हा वाचीत आहोत.